कोरडं होईपर्यंत

भरमाण्णाला आणला तेव्हा तो सगळीकडून वाहत होता,
डोळ्यांतून, नाकातून, तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांतून.
निपाणीच्या दवाखान्यात रात्री साडेनऊला,
अंगाला लसणासारखा वास.
दुसऱ्याच्या कोबीवर फवारणी, पाठीवरचा पंप गळका,
दुपारभर औषध पाठीवरून कमरेत उतरत राहिलं
आणि त्याला वाटलं, घामच आहे.

डॉक्टर मगदूमांनी टॉर्च मारला.
बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या.
नाडी बेचाळीस.
छातीला नळी लावली तर आत
काहिलीत रस फुटत असावा तसा आवाज.

शिकवताना आमच्या सिस्टर सांगायच्या :
नस ग्रंथीच्या दारात एक निरोप टाकते, घाम सोड, लाळ सोड.
निरोप पोचला की झाडणारी येते, दार साफ करते.
हे विष त्या झाडणारीचेच हात धरतं.
मग निरोपांवर निरोप, ढीग,
आणि बिचारी ग्रंथी हुकूम पाळत सुटते.

ॲट्रोपिन विषाशी भांडत नाही.
एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी
तसं ते निरोपाच्या जागेवर जाऊन बसतं.
निरोप उभ्यानं ताटकळतो.
बस्स, एवढंच. बांधावरच्या धोत्र्याचा हा जवळचा भाऊ,
एरवी आम्ही तो पिंडीवर वाहतो.

तीन कुप्या. पाच मिनिटं.
सहा कुप्या. पाच मिनिटं.
बारा.
कुपीची मान मोडताना अंगठा कापला,
पट्टी लावायला वेळ नव्हता.
मी काखेत हात घालून बघत होते, ओली आहे का अजून.
दुसऱ्याच्या नवऱ्याच्या काखेत
इतक्या वेळा हात घालायचा प्रसंग येईल
असं नर्सिंगला जाताना वाटलं नव्हतं.

मांडीवरचं मांस मात्र फडफडत होतं, कातडीखाली पाखरं असल्यासारखं.
तिथं ॲट्रोपिनचं चालत नाही, ते खातं वेगळं.
त्याचं औषध आमच्याकडे संपलेलं.
बेळगावला सांगू की कोल्हापूरला?
डॉक्टरांनी दोन्हीकडे फोन लावला.
जे आधी उचलतील ते आपले, म्हणाले.

आक्काताई दारात पिशवी धरून उभी.
पिशवीत त्याचा शर्ट.
टाकून दे बाई, त्यात विष आहे, मी म्हटलं.
नवा आहे की ओ, ती म्हणाली,
दोनदाच घातलाय.

पावणेतीनला काख कोरडी झाली.
नाडी शहाण्णव. छातीत नुसता वारा.
आणि भरमाण्णा हवेतून काहीतरी वेचायला लागला,
तंबाखूची पानं असावीत, कारण मग तो त्यांची जुडी बांधायचा,
गाठ मारायचा, बाजूला ठेवायचा.
घरात मराठी बोलणारा माणूस
कानडीत आईला हाक मारत होता.
अव्वा, नीरु. अव्वा, नीरु कोडु.
आक्काताई घाबरली. हे असं कधी बोलत नाहीत म्हणाली,
सासू जाऊन अकरा वर्षं झाली.

पाणी मागतोय, मी सांगितलं.
पाच तासांपूर्वी जो स्वतःच्याच पाण्यात बुडत होता
त्याच्या जिभेला आता टाळू सोडवत नव्हता.
घोट देता येत नव्हता.
कापूस भिजवून ओठांवर फिरवला,
तर त्यानं कापूसच चावून धरला.

पहाटे कोल्हापूरहून औषध आलं.
सकाळी मी वळणावर एसटी पकडली, कारदग्याची.
ऊन उजव्या डोळ्यात भसकन घुसलं, डाव्यात नाही.
कंडक्टरच्या आरशात पाहिलं :
उजवी बाहुली मोठी झालेली, काळीभोर,
रात्री कधीतरी त्याच बोटानं डोळा चोळला असणार.
तिकीट हातात घेतलं. डावा डोळा मिटून बघितलं.
अक्षरं होती, एवढं कळत होतं.
कानडी की मराठी, ते काही लागेना.